शिवधनुष्य

सीतास्वयंवरात रावण धनुष्य उचलायला गेला आणि ते छातीवर घेऊन उताणा पडला, ही कीर्तनातली गोष्ट मी वर्गात निदान वीस वेळा तरी रंगवून सांगितली असेल. पोरे दर वेळी पोट धरून हसतात. मीही हसतो. या पावसाळ्यापासून मात्र ती गोष्ट मी जरा आटोपती घेतो.

त्याचे असे झाले. आमची लेक यंदा आठवीत गेली आणि एका रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, मला माझं स्वतःचं धनुष्य हवंय."

आमचा जिल्हा साताऱ्याचा. इकडे या मागणीला खूळ म्हणून उडवून लावण्याची आता सोय राहिलेली नाही. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकला जाऊन आला. २०२३ मध्ये अदिती स्वामी ही साताऱ्याची सतरा वर्षांची मुलगी बर्लिनला जगज्जेती झाली. तिचे वडील शिक्षक आहेत, हे वर्तमानपत्रात छापून आल्यापासून आमच्या घरात माझ्याकडे निराळ्याच नजरेने पाहिले जाऊ लागले होते. शिवाय लेक वर्षभर मैदानावरच्या बांबूच्या धनुष्याने तीर मारीत होतीच. बांबूच्या धनुष्याला कमी लेखू नये. राष्ट्रीय स्पर्धांत 'इंडियन राउंड' म्हणून त्याचा स्वतंत्र प्रकार आहे, ५० आणि ३० मीटरांवर. पण मैदानावर धनुष्ये चार आणि मुले एकवीस. पाळी येईपर्यंत दिवस मावळायचा.

माझ्याजवळ त्या वेळी बारा हजार रुपये होते. एका कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीचे मानधन. स्वयंपाकघरावरची कौले परतायची म्हणून ते बाजूला ठेवले होते. सौ. म्हणाली, "कौलं काय, अजून एक पावसाळा गळतील." एवढ्या एका वाक्यावर मी उदार झालो.

मग माझा अभ्यास सुरू झाला. मास्तराला कोणतीही वस्तू घ्यायची झाली की आधी तिचा अभ्यास लागतो. त्यात पैसे वाचतात असा आपला समज. मला कळले ते असे. ऑलिंपिकमध्ये आजवर दिसले ते रिकर्व्ह, टोके पुढे वळलेले. दुसरे कंपाउंड, चाके लावलेले, अदितीचे ते. स्पर्धेत उतरणाऱ्यांच्या संचाची किंमत लाखाच्या पुढे जाते, तेव्हा ते पान मी लगेच उलटले. नवशिक्याचे रिकर्व्ह तीन तुकड्यांचे असते. मधला धरायचा भाग तो रायझर आणि वरखाली जोडायच्या दोन पात्या, त्यांना म्हणतात लिम्ब. मी फोनवर "लिम्ब पुण्याला मिळतील का?" असे विचारीत होतो, तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, "अहो, लिंबांना पुण्याला कशाला जाता? परड्यात झाड लदलंय."

मी पुण्याला गेलोच. तिथे एका दुकानात मला मोहात पाडले ते निराळ्याच वस्तूने. बंदुकीसारखा दस्ता, त्यावर आडवे बसवलेले धनुष्य, खाली घोडा. दोरी एकदा ओढून खटक्यात अडकवली की तीच अडकून राहते. नेम धरायला हात मोकळे. तिच्यावर १५० पौंडांचा आकडा होता. दुकानदार म्हणाला, "सर, नव्या माणसाचाही नेम दुसऱ्या दिवसापासून लागतो." किंमतही माझ्या खिशाच्या आसपास होती. मी मैदानावरच्या सरांना तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, "नेम लागेल हो. पण ताण खटका सोसणार, मग पोरगी काय शिकणार? आणि शालेय स्पर्धेत तिला त्यावर उतरता येणार नाही. शिवाय ती खेळणं नाही. घरात लहान पोरं येतात-जातात." मी ते आडवे धनुष्य हळूच खाली ठेवले. दीडशे पौंड वाचून आपण भुलतो, पण त्याची दोरी थोडकीच ओढली जाते. साध्या धनुष्याची दोरी हनुवटीपर्यंत येते. तीराला किती लांबवर ढकलले जाते यावरही जोर ठरतो. हे मला पुढे कळले.

सरांनी मला आणखी एक गोष्ट बजावून सांगितली होती : "धनुष्य हलकं घ्या. लोक पहिल्या खेपेला जड घेतात." हे मी ऐकले आणि परत येताना वाटेवरच्या एका गावात एका गृहस्थाकडून जुने रिकर्व्ह नऊ हजारांना घेऊन आलो. छत्तीस पौंडांचे. गृहस्थ म्हणाला होता, "मुलगी वाढती आहे. हलकं घ्याल तर वर्षात दुसरं घ्यावं लागेल." माझ्या हिशेबाला ते तंतोतंत पटले. दरवर्षी मुलांचे गणवेश आम्ही दोन बोटे मोठेच शिवतो ना!

गृहस्थ खोटे बोलला नव्हता. धनुष्यावरचा पौंडांचा आकडा दोरी २८ इंच ओढली तर काय ताण पडेल ते सांगतो. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत मापावे आणि त्याला अडीचने भागावे, की आपली ओढ साधारण कळते. आमच्या लेकीचे हात पसरून साठ इंच भरले, म्हणजे ओढ चोवीस इंच. इंचामागे सुमारे दोन पौंड कमी धरले, तर छत्तीसचे तिच्या हातात अठ्ठावीस. मला वाटले, आठ पौंड फुकटात सुटले.

धनुष्य घरी आले त्या दिवशी मी ते ऐटीत ओढले आणि रिकामेच सोडणार, तोच लेक ओरडली, "बाबा, तीर नसताना सोडू नका! पात्या फुटतात!" तीराला मिळायचा जोर तीर नसला की पात्यांच्याच अंगावर येतो. मी दोरी हळूहळू परत नेली. दंड थरथरत होते. खरे म्हणजे मला तेव्हाच समजायला हवे होते.

उरलेल्या तीन हजारांत तीर, हाताचे कातडे, बोटांना लावायचा टॅब आणि भाता बसवायचा होता. बसला नाही. तेव्हा गृहस्थाने धनुष्याबरोबर दिलेलेच सहा तीर चालवायचे ठरवले. कोणी धनुष्य घ्यायला निघाला, तर त्याने खिशातले तिसरा हिस्सा पैसे आधीच या फुटकळ वस्तूंसाठी वेगळे काढून ठेवावेत.

दोन आठवडे लेक रोज मैदानावर जात होती. तीर डावीकडे जातात, म्हणायची. "माझंच काहीतरी चुकतंय." मीही सांगत होतो, "मन एकाग्र कर. पोपटाचा डोळा!" ज्याने आयुष्यात खडूखेरीज काही फेकले नाही, त्याने द्रोणाचार्यांची गादी चालवावी, याचे मला काहीच वाटत नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात एका रविवारी सौ. तिच्या केसांना तेल लावायला बसली. "हात वर घे ग, वेणी धर," म्हणाली. लेकीने उजवा हात वर घेतला आणि खांद्यापाशी थांबवला. डाव्या हाताने वेणी धरली. सौ.ने विचारले तेव्हा म्हणाली, "थोडंसं दुखतंय." केव्हापासून? तर दुसऱ्या दिवसापासून.

"मग बोलली का नाहीस?"

ती वर पाहात राहिली. वर कौलांतून पाणी ठिबकत होते आणि खाली पातेले लावलेले होते.

त्या दिवशी मला जेवण गेले नाही. संध्याकाळी मी लेकीला आणि धनुष्य घेऊन मैदानावर गेलो. तीन आठवडे सर दुसऱ्या मुलांना घेऊन स्पर्धेला गेले होते, आदल्या दिवशीच परतले होते. त्यांनी आकडा वाचला, पण ते रागावले नाहीत. तेवढे रागावते तर बरे झाले असते. त्यांनी विचारले, "दिवसाला तीर किती मारायचीस?" "साठ." ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुम्ही गणिताचे ना?" मी मराठीचा, पण गुणाकार येतो. अठ्ठावीस पौंड म्हणजे पावणेतेरा किलो. साठ वेळा. दिवसाला साडेसातशे किलोंच्या वर.

डावीकडे जाणाऱ्या तीरांचेही कोडे त्यांनी सोडवले. तीर सुटताना सरळ जात नाही, वाकतो, आणि धनुष्याला वळसा घालून पुढे सरळ होतो. जितका जोर, तितका ताठ तीर लागतो. ते सहा तीर छत्तीस पौंड पुरते ओढणाऱ्या गड्याचे होते. लेकीच्या ओढीला ते वाकत नव्हते, म्हणून उजव्या हाताने मारणाऱ्याचे डावीकडे जात. "तुझं काही चुकत नव्हतं," सर तिला म्हणाले. ती एकदम रडली. एवढा खांदा दुखला तेव्हा रडली नव्हती.

एकलव्याचा अंगठा द्रोणांनी मागितला. हल्लीच्या स्पर्धेत दोरी तीन बोटांनी ओढतात, अंगठा दोरीला लागतच नाही. म्हणजे तो आज असता तर वाचला असता. पण त्याला माझ्यासारखा हिशेबी बाप मिळाला असता तर काय झाले असते, सांगता येत नाही.

वैद्यकीय सल्ल्याने सहा आठवडे विश्रांती झाली. मधल्या काळात सरांनी वाट काढली. रायझर चांगला होता आणि त्यावर दुसऱ्या पात्या बसत होत्या. त्यांच्याकडच्या एका मोठ्या मुलीला आपल्या चोवीस पौंडांच्या पात्या हलक्या पडू लागल्या होत्या. तिच्याही त्या पहिल्या नव्हत्याच. आमच्या शाळेत जशी वरच्या वर्गातली मुले पुस्तके खालच्या वर्गाला निम्म्या किमतीत देतात, तशा या पात्या मैदानावर फिरतात, हे आधी चौकशी केली असती तर मला समजले असते. त्या पंधराशेला मिळाल्या. लेकीच्या हातात त्यांचा ताण सतरा-अठरा पौंडांचा. उरलेल्या पैशांत तिच्या ओढीला जुळणारे सहा लवचीक तीर, टॅब आणि हाताचे कातडे आले. भाता सौ.ने जुन्या जीनच्या पँटचा शिवला.

खंडेनवमीला पाटावर माझे पेन, सौ.ची विळी, शिवणयंत्राची कात्री आणि शेवटी ते धनुष्य मांडले. लेकीने त्याला झेंडूचा हार घातला. पूजा झाल्यावर तिने कपाटावरून जुन्या धोतरात गुंडाळलेल्या छत्तीस पौंडांच्या पात्या काढल्या, रायझरला बसवल्या, मला लांब उभे केले आणि दोरी हळूच ओढून पाहिली. हनुवटीच्या बरीच अलीकडे हात थांबला. तिने तितकीच हळू ती परत नेली.

"अजून नाही," ती म्हणाली, आणि पात्या पुन्हा धोतरात गुंडाळून वर ठेवून दिल्या.