गेन थोडा कमी कर

पहिला अल्बम करायला आलेला मेटल बँड आधी अ‍ॅम्पचा गेन शेवटपर्यंत फिरवतो. आमच्या खोपोलीच्या स्टुडिओत त्याचं फळ लगेच मिळतं: गिटारच्या आधी 50 हर्ट्झची घूंऽऽ सुरू होते. टाटांचं जलविद्युत केंद्र गावात 1915पासून आहे, पण अर्थिंग ज्याचं त्यानेच बघायचं. मी गेन निम्म्यावर आणतो. "दादा, मग हेवी कसं वाटणार?" कर्जतची पोरं हमखास विचारतात.

मग मी ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम लावतो. 16 ऑक्टोबर 1969, लंडनचा रीजंट साउंड स्टुडिओ. बहुतेक सगळं एका दिवसात, सगळ्यांनी एकत्र वाजवलेलं. पहिल्याच गाण्याची रिफ तीन स्वरांची: सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. यमनात गोड वाटणारा हाच मध्यम इथे गंधार-पंचमाच्या सोबतीशिवाय एकटाच लांबवर धरलाय, म्हणून अंगावर येतो; केवळ गेनमुळे नाही. गेन भरमसाट वाढवला की आवाजातले चढउतार दबतात, पिकचा ठोका हरवतो आणि ड्रमला शिरायला फटच राहत नाही. जडपणा हवा असेल तर तीच रिफ दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवावी. खालचा भार बासने उचलायचा. सॅबथमध्ये गीझर बटलर तेच करायचा.

सॅबथचा गिटारिस्ट टोनी आयोमीची गोष्ट मात्र इथे समजावून सांगावी लागत नाही. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने टोपणं केली, तारा हलक्या लावल्या. खालापूरच्या कारखान्यांत ज्यांचे वडील प्रेसवर उभे राहतात, ती पोरं हे ऐकून स्वतःच्या बोटांकडे बघतात.

त्या अल्बमच्या सुरुवातीचा पाऊस आणि घंटा नंतर जोडलेल्या आहेत. आमच्या एका बँडला खराखुरा पाऊस हवा होता. जुलैत पत्र्याखाली माइक लावला, तर भजी तळल्यासारखा आवाज आला! पानांवर पडणारा पाऊस घेतला तेव्हा कुठे जमलं. ताल धरायची क्लिकची टिकटिक मात्र मी लावू दिली नाही. ड्रमर एका ठिकाणी जरा पळतो, तो टेक तसाच ठेवलाय. बासवाला अजून म्हणतो की त्याचा आवाज कमी आहे. मिक्स परत उघडलंय.