दूधगंगेच्या खोऱ्यांतून

मोठीं शहरें पाहावयास निघालेला प्रवासी बहुधा देवळें, राजवाडे व बाजार पाहून परततो. तीं शहरें कशावर जगतात हें जाणावयाचें असेल, तर त्यांच्या वेशीबाहेर पडून पाण्याच्या वाटेनें जावें लागतें. गेल्या हिवाळ्यांत करवीर प्रांतीं जाण्याचा योग आला, तेव्हां आम्हीं आरंभ कोल्हापुरापासून न करतां कागल तालुक्यांतील बिद्रीपासून केला.

गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोहों बाजूंस उसाचीं रानें लागतात. दूधगंगा व वेदगंगा ह्या दोन नद्यांचें हें वैभव. त्यांचींच नांवें धारण करणारा सहकारी साखर कारखाना बिद्रीस आहे. त्याच्या वसाहतीस पाटगांवच्या मौनी महाराजांवरून मौनीनगर म्हणतात. मळीचा आंबूस-गोड वास कारखाना दृष्टीस पडण्यापूर्वींच वाट दाखवितो.

ऊस काट्यावर वजन होऊन गव्हाणींत पडतो. चरकांतून निघालेला रस चुना व गंधकाच्या धुरानें स्वच्छ करून आटवितात, आणि वेगानें फिरणाऱ्या जाळीदार पात्रांत साखर मळीपासून वेगळी होते. उरलेलें चिपाड बॉयलरच्या पोटांत जाऊन त्याच यंत्रांस वाफ पुरवितें. ह्या भागांत शंभर टन उसास सुमारें बारा टन साखर पडते. येथला शेतकरी नुसता ऊस घालणारा नसून कारखान्याचा सभासद असतो, ही गोष्ट आम्हांस यंत्रांहून मोठी वाटली. प्रवरेच्या कांठीं १९५० सालीं पहिल्या सहकारी साखर कारखान्यानें जी वाट पाडली, तीच ही.

मात्र सारेंच गोड नव्हे. बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या बाहेर दिसत होत्या. बांधावर उसाच्या पाल्याच्या सावलींत एक तान्हें मूल निजलें होतें, आणि त्याची आई कोयता घेऊन फडांत उतरली होती. आमच्याबरोबरच्या वडीलधाऱ्या बाई तेथून बराच वेळ हलल्या नाहींत.

बिद्रीहून आम्ही कोल्हापुरास आलों. अंबाबाईचें दर्शन घेऊन शहर पाहूं लागलों, तों पावलोपावलीं शाहू छत्रपतींचें नांव भेटूं लागलें. महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसविली आणि गुळाच्या व्यापारास घर मिळालें. १९०६ सालीं त्यांनीं कापडगिरणीचा पाया घातला. ती गिरणी पुढें बंद पडली. बाबूराव पेंटरांनीं ह्याच गांवीं चित्रपटाचा कॅमेरा बनविला व १९२० सालीं ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. १९२९ सालीं येथें ‘प्रभात’ कंपनी निघाली व १९३३ सालीं पुण्यास गेली. आज उद्यमनगर व शिरोलींतील ओतकामाच्या भट्ट्या हें शहराचें नवें बळ आहे. पण महाराजांची दृष्टि गिरणीच्याही पलीकडे गेली होती. भोगावतीवर राधानगरीचें धरण त्यांनींच आरंभिलें. तें स्वातंत्र्यानंतर पुरें झालें.

तेथून इचलकरंजी फार लांब नाहीं. येथील जहागीरदार नारायणराव घोरपडे ह्यांच्या आश्रयानें उद्योग वाढीस लागला. विठ्ठलराव दातारांनीं १९०४ सालीं पहिला यंत्रमाग आणला, आणि जेथें बाळकृष्णबुवांच्या ख्यालांचे सूर घुमले, तेथें मागांचा खडखडाट अहोरात्र चालूं लागला. महाराष्ट्राचें मँचेस्टर हें बिरुद गांवानें स्वकष्टानें मिळविलें आहे.

ह्या दोन्ही शहरांना पंचगंगेनें पाणी पाजलें. शहरांनीं तिला काय परत दिलें? कोल्हापूरचें सांडपाणी व इचलकरंजीच्या रंगकामाचें पाणी तिच्याच पात्रांत उतरलें. २०१२ सालीं इचलकरंजींत काविळीची साथ उसळली व कित्येक घरें दुःखांत बुडालीं. मग दोन्ही शहरांनीं दूधगंगेकडे पाहिलें. काळम्मावाडीच्या धरणांतून नळानें आणलेलें पाणी २०२३ सालीं कोल्हापुरास पोंचलें. इचलकरंजीसाठीं सुळकूड येथून दूधगंगेचें पाणी नेण्याची योजना मंजूर झाली, तेव्हां कागलकडील शेतकरी विरोधास उभे राहिले.

आम्हांस दोघांचीही बाजू खरी वाटते. पिण्याच्या पाण्यास नाहीं म्हणणें हा आपला धर्म नव्हे. पण अठरा महिने रानांत उभ्या राहणाऱ्या आडसाली उसाचा धनी उद्यांच्या पाण्याची चिंता करतो, तीही खोटी नव्हे. नदी मागतांना पहिली नदी कां गमावली, एवढा जाब मात्र शहरांनीं प्रथम स्वतःस द्यावयास हवा. आणि उसास पाट भरभरून पाणी देणाऱ्या रानानेंही ठिबकाचा हिशेब शिकावयास हवा.

परतल्यावर घरीं चहा झाला. साखरेच्या डब्याकडे बोट दाखवून धाकट्यानें विचारलें, “ही बिद्रीची का?” असेल, नसेलही. पण हातांतला पेला, डब्यांतली साखर व दांडीवर वाळत घातलेलें कापड हीं तिन्हीं एखाद्याच नदीचीं देणीं असूं शकतात, हें आम्ही त्यास बिद्रीहून आल्यामुळेंच सांगूं शकलों.