वाहनाचा उपयोग

गाडीसाठी कर्ज मागायला कोणी आलं की अर्जातला एक रकाना आम्हाला भरून घ्यावाच लागे, 'वाहनाचा उपयोग'. त्याखाली तीन चौकोन होते: प्रवासी, माल, खाजगी. धारच्या शाखेत तिथे कधी कोणी अडलं नाही. डहीत मात्र पेन तिथेच थांबायचं.

डही म्हणजे धार जिल्ह्याचं नैर्ऋत्य टोक. कुक्षीच्या पुढे, नर्मदेच्या अलीकडे. ताडाची झाडं, मका, कापूस, आणि भिल्ल-भिलालांची टेकाडा-टेकाडांवर विखुरलेली घरं. धारच्या पवारांच्या मागे माळव्यात आलेल्या मराठी घरातला मी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बदली झाली, तेव्हा डही आपल्याच जिल्ह्यात आहे यापलीकडे घरात कुणालाच काही सांगता येईना.

एक भिलाला शेतकरी ट्रॅक्स गाडी घ्यायला आला होता. "दादा, सवारी की माल?" मी विचारलं. "हाटाला जाताना सवारी," तो म्हणाला, "येताना जे असेल ते." मी 'प्रवासी'वर खूण केली. विम्याचा आणि परवान्याचा हिशोब त्यावरच बसत होता.

ही गाडी आमच्याच जिल्ह्यात, पिथमपूरला बनते. कंपनी पुण्याच्या फिरोदियांची. 1958 साली हॅम्बुर्गच्या कारखान्याच्या सहकार्याने बजाज टेम्पो म्हणून सुरू झाली, 2005 पासून फोर्स मोटर्स. ट्रॅक्सच्या मागच्या भागात समोरासमोर दोन लांब बाक, मधे मोकळी जागा, टपावर कॅरिअर, मागे शिडी. बाक समोरासमोर आहेत, म्हणून मधे मिरचीची पोती उभी राहतात, पोत्यांवर पोरं बसतात, पायाशी बकऱ्या मावतात. दिवाळीनंतर तीच गाडी मजुरीला गुजरातेत निघालेली कुटुंबं दाहोदच्या वाटेला लावायची. टपावर पीठ, भांडी, गोधड्या. होळीआधी भगोरियाच्या हाटाला तीच माणसं तिच्यातून परत, या वेळी नव्या कपड्यांत.

बाळंतीण अडली की गाडी कशी लागते, हे मी एका रात्री बघितलं. खाट आत शिरेना, म्हणून ती दोन्ही बाकांवर टेकवली. तरी हातभर बाहेर राहिली. मागचं दार उघडंच ठेवून ते दोरीने शिडीला बांधलं आणि खाटेचे बाहेर आलेले दोन पाय दोघांनी उभ्याने धरले. सासू उशाशी. ड्रायव्हरने हॉर्न वाजवायचा नाही असं कुणीतरी बजावलं. का, ते मला अजून कळलेलं नाही. पुढे मध्य प्रदेश सरकारने 'जननी एक्सप्रेस' काढली, तीही बऱ्याच अंशी भाड्याने घेतलेल्या खाजगी गाड्यांवरच. लोकांनी आधीच बसवलेल्या व्यवस्थेला सरकारने नाव आणि फोन नंबर दिला, असं माझं मत.

याचं कौतुक एका मर्यादेपर्यंतच. दुप्पट-तिप्पट माणसं कोंबून, शिडीवर लोंबकळत गेलेल्या गाड्या घाटात उलटत, आणि मेलेल्यांपैकी निम्म्यांचा विम्याच्या कागदांत पत्ताच नसे. बस नव्हती हे खरं, पण ड्रायव्हरला खेप वाढवायची हाव नव्हती असंही नाही.

पंपांच्या कर्जांचं तर निराळंच. देवासला किर्लोस्कर ब्रदर्सचा कारखाना, त्यामुळे त्यांचे पंप आमच्याकडे घरोघरी. विभागीय कार्यालयाचे एक तपासनीस आले आणि कर्जदाराच्या विहिरीवर पंप नाही म्हणून रागावले. पंप नाल्यापलीकडे मेव्हण्याच्या विहिरीवर होता. चार दिवस इकडे, चार दिवस तिकडे. दुसऱ्या एका कर्जदाराचं डिझेल इंजिन दिवसा पाणी उपसायचं आणि संध्याकाळी पट्टा चढवून पिठाची चक्की फिरवायचं. साहेबांनी 'उद्दिष्टाबाहेर वापर' असा शेरा मारला. हप्ते मात्र दोघांचेही वेळेवर येत होते, आणि दुसऱ्याचे चक्कीच्या दळणातून येत होते हे मला ठाऊक होतं. मी उत्तरात 'यंत्र पूर्ण क्षमतेने वापरात' एवढंच लिहिलं. खोटं काही नव्हतं. पोलिसांचंही तसंच: लाकूड फोडायचा, कुंपणाला काट्या तोडायचा फालिया हाटाच्या दिवशी कमरेला दिसला की हत्यार.

सप्टेंबर 2019 मध्ये नर्मदेवरचं सरदार सरोवर पहिल्यांदाच पूर्ण 138.68 मीटरपर्यंत भरलं. कुक्षीजवळच्या निसरपूरच्या घरांत पाणी शिरलं. मी निवृत्त झालो होतो, एका ओळखीच्या कुटुंबाला भेटायला कुक्षीकडे गेलो, तर रस्त्यावर ट्रॅक्स, तूफान, ट्रॅक्टर, सगळ्यांवर घरंच लादलेली. चौकटीसकट दारं, वासे, पत्रे, तुळशीचं डबडं. एमपी 11 नंबरच्या एका जुन्या ट्रॅक्सचे बाकसुद्धा काढून टाकले होते. तिच्यात कवेलू, म्हणजे छपराची कौलं, भरायचे होते. फुटले तर भरपाई कोणी द्यायची यावर मालक आणि ड्रायव्हर यांची बराच वेळ हुज्जत चालली. शेवटी खाली मक्याचा कडबा अंथरला, कवेलू उभे रचले आणि दीड भाड्यात दोन खेपा ठरल्या.