छायेचा काठ

रात्रीच्या विमानातून आकाशाचे छायाचित्र घेणे हा तसा व्यर्थ खटाटोप. आतले दिवे खिडकीच्या काचेवर उमटतात, काचेवर ओरखडे असतात. आणि 11 किलोमीटर उंचीवर, हवेचा बहुतांश भार खाली राहिल्यामुळे, तारे तर कधी नव्हेत इतके स्वच्छ असतात. मुंबईहून कोलकात्याला निघालेले एक निवृत्त गृहस्थ डोक्यावरून काळी शाल ओढून, कॅमेरा काचेला टेकवून हा खटाटोप करीत होते. वेगाची त्यांना चिंता नव्हती. तासाला 800 किलोमीटर धावणाऱ्या विमानाची ताऱ्यांना दखलही नसते, इतके ते दूर. चित्र बिघडते ते विमानाच्या बारीकशा डुलण्याने. चार सेकंदांत एकेक तारा लहान मुलाच्या अक्षरासारखा वेडावाकडा ओढला जातो.

त्यांच्या नोकरीची काही वर्षे बजबजला, हुगळीकाठच्या तेलाच्या आगारात गेली होती. बजबज हे पाण्यावरून येणाऱ्यांचे गाव. 1897 मध्ये पश्चिमेहून परतलेले विवेकानंद येथे उतरले. 1914 मध्ये ‘कोमागाता मारू’च्या उतारूंवर येथेच गोळ्या झाडल्या गेल्या. 24 ऑक्टोबर 1995 रोजी चंद्राची छाया मात्र या गावाला जेमतेम काठाने स्पर्शून जाणार होती. आदल्या रात्री कालीपूजा झालेली, आणि सकाळी नऊच्या सुमारास खग्रास सूर्यग्रहण. छायेचा मध्य दक्षिणेला, डायमंड हार्बरवर. तेथे सव्वा मिनिटाची रात्र पडणार होती. पत्नीला तिकडे जायचे होते. “इथून काय कमी दिसणार आहे?” असे म्हणून त्यांनी गच्चीवर तिपाई मांडली.

ग्रहणाच्या हिशेबात शंभरातले नव्याण्णव म्हणजे जवळजवळ सगळे नव्हे. उरलेली एक कोर अवघा दिवस राखून ठेवते. ती कोर बजबजला विझली की नाही, हे त्यांना पुढे कधीच सांगता आले नाही. प्रकाश राखेच्या रंगाचा झाला, कावळे गप्प झाले आणि नेमके तेव्हाच ते भिंगावरची काळी काच काढण्यात गुंतले होते.

“अहो, शुक्र!” पत्नी म्हणाली.

त्यांनी मान वर केली तेव्हा सकाळ परतली होती.

पुढे त्यांनी वाचले की वायुदलाच्या मिग-25 विमानातून त्या ग्रहणाचे चित्रण झाले. 1973 मध्ये तर कॉन्कॉर्ड विमान 74 मिनिटे छायेबरोबर धावले होते. हे त्यांनी उत्साहाने पत्नीला वाचून दाखविले. तिने भाजी निवडता निवडता ऐकले. “बरं झालं,” ती म्हणाली, “त्यांच्यातल्या एकाचे तरी हात मोकळे असतील.” या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच की काय, ते त्यांच्या मनात राहिले.

आता शेजारच्या आसनावर कोणी अनोळखी तरुण झोपला होता. खरा अंधार विमानात शेवटी होतो, उतरण्याआधी दिवे मंद करतात तेव्हा; पण तोवर शहराच्या धुरकट उजेडात तारे बुडू लागलेले असतात. खाली नदीचे काळे वळण दिसले. बजबज त्यातले नेमके कोणते, हे वरून ओळखू येईना. त्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला, शाल काढली नाही आणि कपाळ काचेला टेकवले.