एसीचा हिशोब

ह्यूस्टनमध्ये चार मराठी माणसं जमली, की पॉटलकचे बटाटेवडे संपता संपता गप्पा एसीवर येतात. "तुमचा किती सीअरचा?" हा इथला कुशल विचारण्याचाच प्रकार! एसीने मोसमभरात किती बीटीयू उष्णता घराबाहेर काढली, भागिले त्यासाठी लागलेले वॅट-तास, म्हणजे सीअर. नव्या एसींसाठी अमेरिकेत किमान सीअर २००६ साली १० वरून १३ झाला आणि २०२३ पासून दक्षिणेकडच्या राज्यांत साधारण १५.

आमचा एसी तीन टनांचा. हा टन वजनाचा नव्हे बरं का! एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी ही क्षमता, म्हणजे तासाला १२,००० बीटीयू. वर्षाला २,००० तास पूर्ण क्षमतेने चालला असं धरलं, तर १० सीअरचा एसी ७,२०० युनिट वीज घेतो, १६ सीअरचा ४,५००. युनिटला १५ सेंट धरा, वर्षाला ४०० डॉलर वाचले.

खरा पेच मात्र नागपूरला होता. बाबा ऐंशीच्या घरात. मे महिन्यात वाळ्याचा कूलर छान चालतो, कारण हवा कोरडी. पावसाळ्यात हवेतच ओल, मग कूलरचं पाणी वाळणार कसं? दीड टनाचा पाच तारेवाला इन्व्हर्टर एसी बसवून दिला, पण बाबा बिलाच्या धास्तीने रात्रभर घामात जागे. वर म्हणाले, "तुझा सोळाचा अन् माझा पाचचा? दुकानदारानं फसवलं तुले!"

मग फोनवरच शिकवणी घेतली. भारतात हाच भागाकार वॅटला वॅटने करतात. पाचला ३.४१ ने गुणलं की १७ येतात. चाचणीचं तापमान दोन्हीकडे वेगळं, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही, पण यंत्र कमअस्सल नक्कीच नाही. २४ अंशांवर ठेवून सरासरी तासाला एक युनिट धरलं, तर आठ तासांचे आठ युनिट. युनिटला १२ रुपये धरले, तरी रात्र शंभराच्या आत.

बाबा हिशोबाचे पक्के. क्षणभर थांबून म्हणाले, "शंभरात तर आता सावजीचं जेवणही येत नाही. लावतो बाप्पा!"

मंडळी, आपल्या एसीचा सीअर आपल्याला पाठ असतो. यंदा आई-वडिलांच्या एसीचाही हिशोब मांडा, आणि आकडा त्यांना रुपयांत सांगा.