उरलेल्या गोळ्या

सुरगाण्यास असताना आमच्या पोटात वारंवार आग पडे. ते काळजीचे फळ, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली होती. थंड दूध आणि खायचा सोडा यांवर दिवस निभत होते. अखेर नाशिकच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून जठर तपासले आणि सांगितले, "फादर, व्रण आहे, आणि त्याला कारण जंतू आहेत."

आम्ही चकित झालो. जठरातील जहाल आम्लात जंतू जगावा कसा? एके काळी वैद्यकशास्त्रालाही हे खरे वाटत नव्हते. ऑस्ट्रेलियात पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल हे रुग्णांच्या जठरातील जंतू बशीत वाढवू पाहत होते. दोन दिवसांत काही उगवले नाही, तर बशी टाकून देण्याची रीत होती. 1982 साली ईस्टरच्या सुटीत मात्र बशी तशीच राहिली आणि सुटीनंतर तीत जंतू वाढलेला दिसला. हाच हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो अमोनिया निर्माण करून आपल्याभोवतीचे आम्ल निवळतो. लोकांना पटेना, म्हणून 1984 मध्ये मार्शल स्वतः ते जंतू प्याले व जठरदाहाने आजारी पडले. 2005 मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक लाभले.

आम्हांस 14 दिवसांचे औषध मिळाले: आम्ल कमी करणारे ओमेप्रॅझोल आणि अमॉक्सिसिलिन व क्लॅरिथ्रोमायसिन ही दोन प्रतिजैविके. तोंडाची चव गेली, पण आठव्या दिवशी आग शमली. त्याच सायंकाळी एक शेतमजूर पोट धरून दारी आला. दुसऱ्या दिवशी त्याला दिंडोरीकडे द्राक्षमळ्यात छाटणीस जायचे होते. उरलेल्या सहा दिवसांच्या गोळ्या आम्ही त्याच्या हातावर ठेवल्या. दयेचे कृत्य घडले, या समाधानात त्या रात्री आम्ही झोपलो.

दीड महिन्याने निरोप आला. त्याला डांबरासारखी काळी शौच झाली होती, भोवळ येऊन तो मळ्यातच कोसळला होता. रुग्णालयात रक्त चढवावे लागले. अंगदुखीवर तो रोज वेदनाशामक गोळ्या घेत होता. त्यांनीही व्रण पडतात. आमच्या औषधाने त्याचे दुखणे केवळ झाकले गेले आणि त्याचे डॉक्टरांकडे जाणे लांबले.

आमचीही आग परतली. डॉक्टर रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात." या वेळी बिस्मथ, टेट्रासायक्लिन व मेट्रोनिडॅझोल अशी नवी जुळणी द्यावी लागली. औषध संपल्यावर चार आठवड्यांहून अधिक काळ थांबून श्वासाची चाचणी केली, तेव्हा कुठे जंतू गेल्याची खात्री पटली. त्या मजुराचीही रीतसर तपासणी व उपचार झाले. तोही बरा झाला.

पुढे तो नागलीचे पीठ घेऊन भेटीस आला. "फादर, तुमच्या गोळ्यांनी तेव्हा लई बरं वाटलं होतं," असे तो मनापासून म्हणाला. आम्हांस मान वर करवेना. वाचकहो, आपल्या घरातील फडताळातही अशा उरलेल्या गोळ्या असतील. शेजारी पोट धरून आला, तर त्या त्याला देऊ नका. त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जा. त्या सायंकाळी आम्ही तेवढे करावयास हवे होते.