दोन मौने

मौन हे दुःखाचे सर्वांत प्रांजळ रूप होय, असे आपण मानतो. रशियन दूरचित्रवाणीवरील निवेदक आणि पत्रकार व्लादिस्लाव लिस्त्येव याचे चरित्र आठवले, की माझी ही श्रद्धा डळमळू लागते.

१९८७ साली मॉस्कोहून ‘व्झग्ल्याद’, म्हणजे ‘दृष्टिक्षेप’, हा शुक्रवार रात्रीचा कार्यक्रम सुरू झाला. सरकारी मजकूर गंभीर मुद्रेने वाचणारे निवेदक पाहण्याची लोकांना सवय. लिस्त्येव व त्याचे तरुण सोबती मात्र घरच्या बैठकीत बोलावे तसे बोलू लागले. पुढे १९९० मध्ये चक्र फिरवून अक्षरे ओळखण्याचा ‘पोले चुदेस’ हा खेळ आणून त्याने घरोघरी करमणूकही पोहोचविली.

जानेवारी १९९५ मध्ये तो नव्या सार्वजनिक वाहिनीचा प्रमुख झाला. फेब्रुवारीत त्याने जाहिराती काही काळ बंद ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. १ मार्च रोजी राहत्या घराच्या जिन्यात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. वय अवघे ३८! जवळचे पैसे जागच्या जागी होते.

दुसऱ्या दिवशी वाहिन्यांनी नेहमीचे कार्यक्रम थांबविले. पडद्यावर उरले त्याचे छायाचित्र आणि हत्येची वार्ता सांगणारे एकच वाक्य.

ते मौन साऱ्या देशाने पाळले, आणि ते खरे होते. परंतु खुनाचा उलगडा न्यायालयात कधीच झाला नाही. ज्यांना नावे ठाऊक असतील, त्यांनीही मौनच पाळले. पहिले मौन एका दिवसात संपले; दुसरे अजून सुटलेले नाही.